शून्यावर बरोबर

“सर, तुमचा एक केस मिळेल का?”

प्रश्न मी विचारला, पण तो माझा नव्हता. मिताली आणि नाझनीननं डबा खाताना पैज लावली होती, की विज्ञान प्रदर्शनाचे पाहुणे आपल्या टेबलापाशी आले की तेजलनं त्यांच्याकडे केस मागायचा. पाहुणे म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे उपाध्यक्ष नारखेडेसाहेब. त्यांच्या दोन्ही कानांमागे एकेक झुपका होता, बाकी सगळं मैदान. हरले असते तर आठवडाभर दोघींची दप्तरं तिसऱ्या मजल्यापर्यंत मला वाहावी लागली असती. आणि मी हरत नसते.

साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी डोळेच मिटून घेतले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या तक्त्याकडे पाहिलं आणि कानामागून एक केस उपटून माझ्या तळहातावर ठेवला.

“जपून हं,” ते म्हणाले. “मागून नवीन यायचे नाहीत.”

तक्त्यावर आधीच चाळीस केस चिकटपट्टीनं लावलेले होते. शिपाईकाकांचा, संस्कृतच्या बाईंचा मेंदी लावलेला, मितालीच्या आठ महिन्यांच्या भावाचा, आणि नाझनीनच्या गल्लीतल्या वरातीच्या घोड्याच्या शेपटीचा. प्रत्येकाखाली त्याची जाडी. मी साहेबांचा केस मायक्रोमीटरच्या जबड्यात धरला, शेवटची कळ हलकेच फिरवली, ती टिक टिक टिक वाजली आणि मी ऐटीत आकडा वाचला. सात शतांश मिलिमीटर. घोड्याच्या निम्मासुद्धा नाही.

साहेब पोट धरून हसले. मग त्यांनी ते चकचकीत मायक्रोमीटर हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, की हे शाळेचं दिसत नाही, कुठून आणलंस.

“माझे पप्पा विमानांच्या शेडमध्ये इंजिनिअर आहेत, सर. याच मापावर विमानं उडतात.”

हे वाक्य पैजेत नव्हतं. ते मी पदरचं घातलं. पहिला नंबर आला.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी आठवीत होते, आता दहावीत आहे. ती केसाची गंमत आमच्या शाळेत अजून सांगतात. पुढचं कुणाला ठाऊक नाही, ते मी सांगते.

पप्पांबद्दल सांगायचं तर पहिला शब्द वैताग हाच येतो. आमच्या गावाबाहेर केळीच्या बागा संपतात तिथे एक लहानशी धावपट्टी आहे. विमान चालवायला शिकवणारी संस्था, दोन-दोन माणसांची चार विमानं आणि एक पत्र्याची शेड. पप्पा तिथे विमानं तपासतात. त्यांनी वहीत सही केली की विमान उडतं, नाही केली की नाही. ते मला फार भारी वाटायचं. वैताग होता तो त्यांच्या घरातल्या वागण्याचा.

शेडमध्ये असा नियम, की हत्यारांच्या खिडकीतून काहीही घेतलं की त्याच्या खिळ्यावर आपल्या नावाचा पितळी बिल्ला टांगायचा. संध्याकाळी भिंतीवर एक जरी बिल्ला लटकत असला तर विमानं हलत नाहीत, कारण एखादा पाना इंजिनात राहिलेला असू शकतो. शेडमध्ये ठीक आहे. पप्पांनी हा नियम घरी आणला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कात्री, पक्कड आणि टॉर्च, आणि आम्हा तिघांचे तीन बिल्ले. मम्मी घरी ब्लाउज शिवते. दिवसातून वीस वेळा तिला स्वतःच्याच कात्रीसाठी स्वतःचाच बिल्ला टांगावा लागायचा. एकदा तिनं रागानं कात्रीच्या खिळ्यावर लाटणं टांगलं होतं. पप्पांनी ते शांतपणे काढलं आणि विचारलं, हे कुणाच्या नावावर?

दुसरं म्हणजे आकडे. किती वाजले विचारलं तर सहा बावन्न. सातच म्हणा ना, असं म्हटलं तर म्हणणार, सात वाजायला अजून आठ मिनिटं आहेत. सातवीत मी आत्याला फोनवर ऐंशी टक्के पडले म्हणून सांगत होते, तर मागून आवाज, “एकोणऐंशी पूर्णांक चार.” मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

तर असा हा माणूस प्रदर्शनासाठी मायक्रोमीटर घरी आणायला तयार झाला, हेच मोठं होतं. त्यासाठी त्यांनी रीतसर अर्ज लिहिला आणि शेडच्या भिंतीवर आपला बिल्ला टांगून आले. आणलेलं मायक्रोमीटर शिकाऊ मुलांना दाखवण्यापुरतं होतं. त्याच्या कमानीवर जाडजूड लाल रंगाचा पट्टा मारलेला, त्या रंगावरच काळ्या शाईनं नंबर. पप्पांनी मला जबडे पुसायला शिकवलं, ते मिटवून शून्य बघायला शिकवलं.

“शून्यावर बरोबर आहे ना?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

“पण पाच मिलिमीटरच्या आसपास ते तीन शतांश जास्त दाखवतं. चार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातून पडलं होतं. म्हणून लाल पट्टा. केसाला चालेल, विमानाला नाही.”

मी मान डोलावली. माझं लक्ष त्या पट्ट्याकडे होतं. कुठल्याशा खडबडीत ब्रशनं मारलेला, कडेनं ओघळलेला. शुक्रवारी मितालीच्या घरी टेबल सजवताना ती म्हणालीच, की तेजू, हे भंगारातून आणल्यासारखं दिसतंय. मग तिच्या ताईचं नखांचं पॉलिश काढायचं औषध आणि कापूस घेऊन आम्ही बसलो. तासभर लागला. कापसाचे गुलाबी बोळे जमत गेले आणि खालून चांदीसारखी कमान निघाली. नंतर लाल नेलपॉलिश लावून पट्टा होता तसा करायचा असं ठरलं होतं. नेलपॉलिश नाझनीन आणणार होती. तिनं शनिवारी, प्रदर्शनाच्या दिवशी, बाटली आणली, तर ती आतून वाळून खडा झालेली. म्हटलं, रविवारी विकत आणू. रविवारी पहिल्या नंबराची शेवभाजी झाली, आत्या आली, मामा आला, आणि नेलपॉलिश राहिलं.

सोमवारी सकाळी पप्पा मी मऊ फडक्यात बांधून ठेवलेलं मायक्रोमीटर घेऊन गेले.

बुधवारी जेवताना मम्मीनं दोनदा भाकरी वाढली तरी पप्पांनी पाहिलं नाही. मग आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत त्यांनी सांगायला सुरुवात केली. एका विमानाच्या ब्रेकची तबकडी तपासायची होती. ती झिजत झिजत चार पूर्णांक ऐंशी मिलिमीटरच्या खाली गेली की बदलायचीच असते. पप्पा आधी अंगठ्यानं चाचपून बघतात, मग मोजतात, आणि आजवर त्यांचा अंगठा चुकला नव्हता. काल अंगठा म्हणाला, गेली ही. मोजली तर चार पूर्णांक एक्क्याऐंशी. पुन्हा मोजली, तेवढीच. त्यांनी सही केली.

मम्मी म्हणाली, मग झालं तर, बरोबर निघाली ना. ब्लाउजात तर बोटभर कापड शिवणीत जिरतं, तुमचं काय हे केसाएवढ्याचं.

“बरोबर निघाली याचंच वाईट वाटतंय,” पप्पा म्हणाले. “अंगठा म्हातारा झाला म्हणायचा.”

मी शक्य तितक्या सहज विचारलं, की कशानं मोजली.

“मायक्रोमीटरनं. आणखी कशानं?”

“कुठल्या?”

त्यांनी सांगितलं, की चांगलं मायक्रोमीटर वर्षातून एकदा तपासणीसाठी नाशिकला जातं, ते परवाच आलं. खिडकीवर बसणाऱ्या बोरोलेकाकांनी काढून दिलं. एकदम नव्यासारखं करून पाठवलंय. फक्त तारखेचा स्टिकर वाटेत कुठेतरी निघाला असावा, तो नव्यानं लावायला बोरोलेंना सांगितलंय.

“ते विमान कुठंय?” मी विचारलं.

“उद्या सकाळी साडेसहाला पहिलं उड्डाण त्याचंच. नवीन मुलगी आहे, पहिल्यांदाच एकटी जाणार. का गं?”

उपाध्यक्षांकडे केस मागताना मला अर्धा सेकंदही लागला नव्हता. आता तोंड उघडायला किती वेळ लागला ते पप्पाच अचूक सांगू शकतील. मी सांगितलं. लाल पट्टा काढला, परत लावायचा होता, राहिला. नव्यासारखं दिसतंय ते नाशिकहून आलेलं नाही, ते आपल्या घरून गेलेलं आहे.

पप्पा ओरडले नाहीत. त्याचाही मला वैताग आला, कारण ओरडले असते तर मला रडता आलं असतं. त्यांनी उरलेली भाकरी ताटात ठेवली, हात धुतले, पुसले आणि तपासणीप्रमुख कुलथेमॅडमना फोन लावला. उभ्यानंच बोलले. विमान थांबवा. तबकडी पुन्हा मोजायची. सोमवारपासून त्या मायक्रोमीटरनं जे जे मोजलंय ते सगळं पुन्हा मोजायचं. लाल पट्टा माझ्या घरी निघाला. हो, माझ्या घरी. मग फोन ठेवून ते चपला घालून शेडवर गेले.

गुरुवारी ते चार वाजताच घरी आले. पप्पा कधीच चार वाजता येत नाहीत. आल्या आल्या त्यांनी एवढंच सांगितलं, की खरं मायक्रोमीटर दुपारी नाशिकहून आलं आणि तबकडी चार पूर्णांक अठ्ठ्याहत्तर भरली. बदलली. ती मुलगी नव्या तबकडीवर उद्या उडेल.

“म्हणजे अंगठा बरोबर होता,” मी म्हटलं.

“हो,” ते म्हणाले, पण त्यांना काहीच आनंद दिसला नाही.

बाकीचं मला भिंतीआडून कळलं. मी गणिताचं पुस्तक उघडून आतल्या खोलीत बसले होते आणि बाहेर मम्मीचं शिवणयंत्र एकदम थांबलं. पप्पांचा सहीचा शिक्का काढून घेतला होता. उद्या दहा वाजता चौकशी होती. बोरोलेकाकांनी कबूल केलं होतं, की पप्पा खिडकीत ठेवून गेले ते फडकं सोडल्यावर लाल काही दिसलं नाही, म्हणून नाशिकचंच आलं समजून त्यांनी ते चांगल्याच्या जागी ठेवलं. नाशिकची पावती आली का ते पाहिलं नाही, ही त्यांची चूक. स्टिकर नसताना वापरलं, ही पप्पांची चूक. मॅडम म्हणाल्या होत्या, की या चुका लिहिल्या जातील आणि त्या निस्तरता येतील. पण लाल असतं तर या सगळ्या चुका तिथल्या तिथे थांबल्या असत्या. रंग आपोआप उडत नाही, कुणीतरी बसून काढलाय. कुणी काढला, आणि परत देताना फेगडेंनी, म्हणजे पप्पांनी, पाहिलं का नाही, एवढंच त्यांना उद्या हवं होतं.

“मग सांगा ना,” मम्मी म्हणाली.

पप्पांनी कागद पुढे ओढल्याचा आवाज आला.

“नाही तर तुम्हीच काढला असं धरतील. वीस वर्षांची नोकरी आहे, रंग काढायला तुम्हाला वेड लागलंय का?”

“मग पोरीचं नाव घालू? अहवालात?”

मम्मी म्हणाली, नको, तिचं नको. तेरा वर्षांची आहे. शाळेत कळलं तर त्या बक्षिसाचं हसं होईल. मग पुन्हा म्हणाली, की पण तुमचं काय. मग शिवणयंत्र सुरू केलं, दोन टाके मारून पुन्हा थांबवलं आणि म्हणाली, या घरात कात्री कुणी घेतली ते कळायला बिल्ला टांगतात आणि एवढं मोठं कांड झालं तर तिथं नाव नाही टांगायचं, हा कुठला न्याय. ती दोन्हीकडून भांडत होती. मला दोघांचाही इतका संताप आला, की वहीचं पान पेन्सिलीनं फाटलं.

अजून एक गोष्ट मी सांगितलेली नाही. इथवर तुम्हालाही नाही आणि तेव्हाही कुणाला सांगितली नव्हती.

पप्पा चहा आणायला स्वयंपाकघरात गेले तशी मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आले. टेबलावर त्यांचा उद्याचा जबाब पडला होता. पप्पांचं अक्षर छापल्यासारखं आहे, लांबूनही वाचता येतं. साधन कधी नेलं, कधी परत केलं, किती वाजून किती मिनिटांनी, सगळं होतं. आणि शेवटून दुसरं वाक्य होतं, साधन परत नेताना मी ते उघडून पाहिलं नाही आणि त्याच्या स्थितीबद्दल घरी कुणालाही विचारलं नाही.

मी ते तीनदा वाचलं.

सोमवारी सकाळी मी आरशापुढे वेणी घालत होते. रिक्षा दाराशी वाजत होती. पप्पा फडक्याचं गाठोडं हातात घेऊन दारात थांबले आणि त्यांनी विचारलं, “तेजू, सगळं जसं होतं तसं आहे ना?” रबर माझ्या दातांत होतं. नेलपॉलिश मला त्याच क्षणी आठवलं. आठवलं नाही असं नाही. सांगितलं असतं तर बोलणी बसली असती, रिक्षा गेली असती, पहिल्या नंबराचा पहिला दिवस वाया गेला असता. मी रबर दातांतून काढलं आणि म्हटलं, “हो पप्पा.” आणि त्यांनी गाठ सोडली नाही. माझं ऐकून तसंच घेऊन गेले.

त्यांनी विचारलं होतं. कागदावर लिहिलं होतं, विचारलं नाही.

ज्या माणसानं माझे सहा दशांश टक्के आत्यासमोर सोडले नव्हते, त्यानं ते सुबक अक्षरात, ओळ न वाकवता लिहिलं होतं. त्या वाक्यावर कुठे खाडाखोडसुद्धा नव्हती.

पप्पा चहाचा कप घेऊन आले. मी कागदापाशी उभी आहे हे पाहून त्यांनी कप ठेवला आणि कागद उचलायला हात पुढे केला.

“राहू दे तो,” ते म्हणाले. “तुझं काम नाही.”

“यात एक चुकलंय,” मी म्हटलं.

“काही चुकलेलं नाही. अभ्यासाला बस.”

मम्मीनं तिकडून विचारलं, काय चुकलंय. पप्पा तिला म्हणाले, काही नाही. आणि मला, अगदी हळू, “तेजू, बस म्हटलं ना.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पप्पा खोटं बोलत नाहीत म्हणून त्यांना ते नीट जमतही नाही. मान सगळी लाल झाली होती.

मी स्वयंपाकघरात गेले. भिंतीवर कात्रीच्या खिळ्यावर मम्मीचा बिल्ला होता, कारण कात्री तिच्याकडे होती. पप्पांचा आणि माझा बाजूच्या कडीला होते. मी माझा काढला. तो इतका लहान आहे हे मला तोवर जाणवलं नव्हतं. बाहेर येऊन मी तो टेबलावर, जबाबाच्या कागदावर, त्या शेवटून दुसऱ्या वाक्याशी ठेवला.

मम्मी यंत्रावरून उठून आली. तिनं बिल्ल्याकडे पाहिलं, मग पप्पांकडे. पप्पा म्हणाले, की त्या खोलीत पाचजण बसलेले असतात, प्रश्न विचारतात, लिहून घेतात, तुला ते झेपणार नाही. मम्मी म्हणाली, की आपण याचा विचार सकाळी करू.

या वेळी पैज कुणी लावली नव्हती. मागे उभं राहून खुसखुसणारं कुणी नव्हतं.

“सकाळी नाही, आत्ताच सांगते,” मी म्हटलं. “मी उद्या शाळेत जाणार नाही. मी शेडवर येणार. रंग मी काढला हे कुलथेमॅडमना मीच सांगणार, आणि तुम्ही मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं, तेही सांगणार. ते वाक्य तुम्ही खोडा, पप्पा. नाही खोडलं तरी मी येणार, आणि मग मला तिथं सगळ्यांसमोर तुम्हाला चूक म्हणावं लागेल.”